शिक्षणाचा आणा

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात शिक्षण-साहाय्य समितीच्या कार्यवाहांनी दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी त्यांनी ते स्वतः लिहून दिले आहे.)



दरवर्षी या दिवशी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो आणि त्यानंतर माझ्यासारखा एखादा वृद्ध मनुष्य उठून विद्येच्या महत्त्वाविषयी चार शब्द बोलतो. विद्येचे महत्त्व आपणां सर्वांस पुरेपूर ठाऊक आहे. नसते तर आपण येथे जमलोच नसतो. म्हणून यंदा मी विद्येविषयी न बोलता तिच्या खर्चाविषयी, म्हणजे स्पष्टच सांगावयाचे तर कराविषयी बोलणार आहे. हा विषय रुक्ष आहे. शिवाय चाळीस वर्षे करसल्लागाराचा व्यवसाय करून, लोकांचा कर कायद्याच्या चौकटीत राहून कमी कसा होईल हे पाहण्यावर ज्याने प्रपंच केला, त्याने कराची बाजू घेऊन उभे राहावे हे सोनाराने आपल्याच काट्याविषयी शंका घेण्यासारखे आहे. परंतु उद्याच्या सर्वसाधारण सभेपुढे जो ठराव येणार आहे तो वाचल्यापासून मला स्वस्थ बसवेना.

ठराव आपणांस माहीत आहेच. कार्यालयाच्या मागील मोकळ्या जागेवर संस्थेने इंग्रजी माध्यमाची, शुल्क घेणारी शाळा काढावी. ज्ञातीतील मुलांना शुल्कात काही सूट द्यावी. आणि यासाठी शिक्षण-साहाय्य निधीतील शिल्लक वापरावी, असा तो ठराव आहे. सूचकांचा हेतू शुद्ध आहे याविषयी मला तिळमात्र शंका नाही. तथापि माझा त्यास विरोध आहे, आणि तो का, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

माझे वडील तांब्याची भांडी घडवीत. आळीतल्या हातोड्यांच्या आवाजात पाढे पाठ केलेली माझ्या वयाची मंडळी या सभागृहात पुष्कळ आहेत. सातवीपर्यंत आम्ही सारे रस्त्यापलीकडच्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलो. पुढे माध्यमिक शाळेत शुल्क होते, आणि ते भरण्याची ऐपत आमच्या घरात नव्हती. स्टेनलेस स्टीलची भांडी बाजारात आली होती आणि तांब्याचा धंदा बसत चालला होता. परंतु यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असतानाच्या काळात सुरू झालेली फीमाफीची सवलत होती. ज्या पालकांचे वार्षिक उत्पन्न बाराशे रुपयांच्या आत, त्यांच्या मुलांना शुल्क माफ. वडिलांनी उत्पन्नाचा दाखला आणला, अर्जावर सही केली, आणि काम झाले. कोणाची शिफारस लागली नाही. कोणत्याही व्यासपीठावर जाऊन कोणापुढे वाकावे लागले नाही. वडील तांब्याचा पत्रा विकत घेत तेव्हा त्यावरचा विक्रीकर त्यांच्याकडून वसूल होतच होता. त्याच पैशातून त्यांच्या मुलाचे शुल्क भरले जात होते. ते देणे होते, दान नव्हते. हा भेद मला तेव्हा कळला नाही. तो कळावयास पुढे पन्नास वर्षे जावी लागली.

शिक्षणासाठी म्हणून कर घेण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्यात इंग्रज सरकारने १८६० नंतरच्या दशकात शेतसाऱ्यावर 'लोकल फंड' बसविला. सारा भरताना रुपयामागे एक आणा अधिक द्यावयाचा, आणि त्या आण्यातील एक तृतीयांश भाग शाळांवर खर्च व्हावयाचा, अशी योजना होती. शेतकऱ्याने आणा भरला. शाळा मात्र किती गावांत निघाल्या? १८८२ साली हंटर शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी आपले निवेदन सादर केले, त्यात हाच प्रश्न आहे. त्यांनी सरकारला सांगितले की शिक्षणासाठी म्हणून स्वतंत्र पट्टी घेतली जाते, पण ती ज्या कामासाठी घेतली जाते त्या कामी लावली जात नाही. इलाख्यातील सुमारे नऊदशांश गावांत प्राथमिक शिक्षणाची कसलीही सोय नाही. आणि सरकारी तिजोरीत येणारा पैसा मुख्यतः रयतेच्या घामाचा असूनही तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर सढळ हाताने खर्च होतो. कर कोण भरतो आणि शाळा कोणाला मिळते, हे दोन प्रश्न एकाच वहीत शेजारी शेजारी मांडणारा असा हिशेबनीस आपल्याकडे त्यापूर्वी झाला नव्हता. मी व्यवसायाने हिशेब तपासणारा असल्यामुळे मला त्या निवेदनाचे मोल अंमळ अधिकच वाटते.

त्यानंतर नामदार गोखले यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मध्यवर्ती कायदेमंडळात आणले. स्थानिक संस्थांना सक्तीचे शिक्षण सुरू करण्याचा आणि त्यासाठी स्वतंत्र शिक्षणपट्टी बसविण्याचा अधिकार त्यात मागितला होता; महिना दहा रुपयांहून कमी प्राप्ती असणाऱ्या पालकाकडून शुल्क घेऊ नये अशीही त्यात तरतूद होती. मागणी अत्यंत माफक होती. १९१२ च्या मार्चमध्ये ते अडतीस विरुद्ध तेरा मतांनी फेटाळले गेले. विरोध करणाऱ्यांत आपले देशबांधवही होते.

या सगळ्यात आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे उदाहरण कोल्हापूरचे आहे, कारण ज्ञातिसंस्थांचा विषय आला की आपल्यातील प्रत्येक वक्ता राजर्षी शाहू महाराजांचे नाव घेतो. उद्याच्या ठरावाच्या टिपणीतही ते आहे. महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांची वसतिगृहे उभी करण्यास उत्तेजन दिले, जागा दिल्या, देणग्या दिल्या. मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत, सारस्वत अशी ती वसतिगृहे होती. हे खरे आहे. परंतु पुढचा भाग आपण वगळतो. वसतिगृह ज्ञातीचे असले तरी महाराजांनी शाळा ज्ञातीच्या हवाली केली नाही. शाळेची जबाबदारी त्यांनी राज्याच्या तिजोरीवर घेतली. १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. आणि १९१९ साली अस्पृश्य मुलांसाठीच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घ्यावे असा हुकूम त्यांनी काढला. खेड्यातून आलेल्या मुलाने रात्री आपल्या माणसांत जेवावे, झोपावे. दिवसा मात्र सर्वांबरोबर एका बाकावर बसावे, अशी ती व्यवस्था होती. उद्याचा ठराव नेमका याच्या उलट आहे. तो वसतिगृहाचा पैसा घेऊन वेगळा बाक तयार करतो.

आता आपल्या काळाकडे येऊ. २००४ साली केंद्र सरकारने आयकर व इतर केंद्रीय करांवर दोन टक्के शिक्षण उपकर बसविला. हा करावरचा कर. त्यासाठी 'प्रारंभिक शिक्षा कोश' नावाचा निधी निर्माण झाला आणि तो पैसा सर्व शिक्षा अभियान व शाळेतील माध्यान्ह भोजन यांकडे जाऊ लागला. २००७ साली माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी आणखी एक टक्का वाढविला. माझ्या अशिलांची विवरणपत्रे भरताना तो टक्का मी वर्षानुवर्षे हाताने मांडला आहे. २०१७ साली भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले की या एक टक्क्यापोटी दहा वर्षांत ८३ हजार कोटी रुपयांहून अधिक रक्कम जमा झाली, परंतु ती ज्यात ठेवावयाची तो निधीच अस्तित्वात नव्हता. पैसे कोणी पळविले असा याचा अर्थ नव्हे. ते सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत मिसळून गेले. पण शाळेसाठी घेतलेला रुपया शाळेत गेला की अन्यत्र, हे कोणाला दाखविता येईना. त्या वर्षी घाईने निधी मंजूर झाला, आणि २०१८ मध्ये हे दोन्ही उपकर जाऊन चार टक्क्यांचा आरोग्य व शिक्षण उपकर आला. जोतीरावांच्या निवेदनानंतर १३५ वर्षांनी आपण त्याच ओळीवर बोट ठेवून उभे होतो.

यात आणखी एक खोच आहे, ती फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही. केंद्राने गोळा केलेल्या सर्वसाधारण करांतील वाटा राज्यांना हक्काने मिळतो. उपकर आणि अधिभार यांतील वाटा मिळत नाही. २००० साली झालेल्या ऐंशीव्या घटनादुरुस्तीने हे स्पष्टपणे ठरवून टाकले आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाचा पगार राज्य देते, शाळेचे छप्पर राज्य आणि स्थानिक संस्था यांनी शाकारावयाचे, आणि शिक्षणाच्या नावाने घेतलेला उपकर मात्र दिल्लीत राहतो. तेथून तो योजनांच्या रूपाने, अटींसह, परत येतो. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के रक्कम शिक्षणावर खर्च व्हावी असे सुचविले होते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेच दिलेला २०१७-१८ चा आकडा ४.४३ टक्के आहे.

येथवर मी सरकारचा दोष सांगितला, आणि तुम्ही माना डोलाविल्या. सरकारचा दोष सांगणाऱ्याला टाळ्या सहज मिळतात. आता आपला सांगतो.

२०१६ सालची गोष्ट. आपल्याच ज्ञातीतील एक सुखवस्तू गृहस्थ माझे अशील होते. भांड्यांचा कारखाना, दोन मुले, दोघेही नामांकित खाजगी शाळेत. त्या दोघांच्या शिक्षणशुल्काची रक्कम मी त्यांच्या उत्पन्नातून वजा दाखविली. आयकर कायद्याच्या ८० सी कलमाखाली दीड लाखाच्या मर्यादेत अशी वजावट मिळत असे. त्यांचे उत्पन्न सर्वांत वरच्या, तीस टक्के दराच्या टप्प्यातील असल्याने त्यांचा सुमारे ४५ हजार रुपये कर वाचला. यात बेकायदेशीर काहीही नव्हते. त्याच आठवड्यात त्यांच्याच कारखान्यात भांड्यांना पॉलिश करणारा एक कारागीर, तोही आपल्याच ज्ञातीतला, मुलीचा अर्ज घेऊन आला. मुलगी अकरावीला विज्ञानशाखेत होती. त्याने आपल्या निधीकडे चार हजार रुपये मागितले होते. नियमाप्रमाणे दोन सभासदांची शिफारसपत्रे हवीत. त्यातील एकावर सही अस्पष्ट होती, म्हणून मी त्यास परत पाठविले. तो पुन्हा आला, तेव्हा समितीची बैठक पुढे गेली होती. तिसऱ्या खेपेस रक्कम मंजूर झाली. मुलीला व्यासपीठावर बोलावून आम्ही पाकीट दिले, छायाचित्र काढले. त्या वर्षीच्या स्मरणिकेत ते छापलेही आहे.

पुढच्या वर्षी त्याचा अर्ज आला नाही. मी चौकशी केली. मुलीने बारावीची परीक्षा दिली नव्हती. ती एका कापडाच्या दुकानात कामाला लागली होती. मी घरी गेलो, तेव्हा ती माउली एवढेच म्हणाली, "भाऊ, दर वेळी किती जणांच्या दारात उभं राहायचं?"

त्या रात्री मी कागदावर हिशेब मांडला. कारखानदाराच्या मुलांसाठी सरकारने जे ४५ हजार रुपये सोडून दिले ते कोणत्याही अंदाजपत्रकात 'खर्च' म्हणून त्यांच्या नावावर लिहिले गेले नाहीत. त्यासाठी त्यांना कोणाची शिफारस लागली नाही. माझ्यासारख्या माणसाने एका रकान्यात आकडा भरला की झाले. कारागिराचे उत्पन्न आयकराच्या पात्रतेइतकेही नव्हते, म्हणून त्या सवलतीतील एक पैसाही त्यास मिळणे शक्य नव्हते. सवलतीचे हे वैशिष्ट्यच आहे की उत्पन्न जितके अधिक तितकी ती अधिक फळते. आणि त्या कारागिराला मी तीन खेपा घालावयास लावल्या, त्या चार हजारांसाठी. हा अपराध माझा आहे. तो मी या निमित्ताने आपल्यासमोर मान्य करतो.

आपल्यापैकी काही जण म्हणतील, गरीब मनुष्य कर भरतोच कोठे? अवश्य भरतो. तो साबणावर भरतो, चपलेवर भरतो. फार दूर जावयास नको, दप्तरात पाहा. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर सुरू झाला तेव्हापासून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तो काढून टाकीपर्यंत मुलांच्या लिहिण्याच्या वहीवर बारा टक्के कर होता. याच आठ वर्षांत शाळेच्या शुल्कावर कर नव्हता, मग ते शुल्क वर्षाला तीनशे रुपये असो की तीन लाख. शिक्षणावर कर नसावा हे तत्त्व मला मान्य आहे. पण नगरपालिकेच्या शाळेतील मुलाच्या शिक्षणाचा मुख्य खर्च म्हणजे वहीच, हे ते तत्त्व लिहिणाऱ्याच्या लक्षात आठ वर्षे आले नाही. आपल्या राज्याचा व्यवसाय कर घ्या. घटनेच्या २७६ व्या कलमाने त्याची कमाल मर्यादा वर्षाला २५०० रुपये ठेवली आहे. महिना दहा हजारांहून थोडा अधिक पगार मिळविणारा पहारेकरी वर्षाला तेवढीच रक्कम भरतो, जेवढी तो ज्यांच्या दारावर पहारा देतो ते संचालक भरतात.

उलट मोठ्या संपत्तीवरचे कर एकामागून एक गेले. चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना १९५३ साली मृत्यूनंतर वारसांकडे जाणाऱ्या मोठ्या मालमत्तेवर कर आला. तो १९८५ मध्ये रद्द झाला. १९५७ चा संपत्तिकर २०१५ च्या अंदाजपत्रकाने काढून टाकला. हे कर फारसे उत्पन्न देत नव्हते, ही गोष्ट खरी आहे; संपत्तिकराचे २०१३-१४ सालचे संपूर्ण देशाचे उत्पन्न अवघे एक हजार कोटींच्या आसपास होते. ते इतके कमी का होते, याचे एक कारण आपल्यासमोर उभे आहे. माझ्यासारखे सल्लागार गावोगाव होते. आज परिस्थिती अशी आहे की पिकेटी आणि त्यांचे सहकारी यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजाप्रमाणे २०२२-२३ साली देशातील वरच्या एक टक्का लोकांकडे एकूण उत्पन्नाचा २२.६ टक्के आणि एकूण संपत्तीचा सुमारे ४० टक्के वाटा होता. अशा आकड्यांविषयी विद्वानांत वाद असतात, ते असोत. आपल्या ज्ञातीपुरते पाहावयाचे तर आकड्यांची गरज नाही; आज सकाळी प्रवेशद्वाराशी लागलेल्या मोटारी आणि गेल्या वर्षी निधी अपुरा म्हणून परत केलेले अर्ज, दोन्ही मी पाहिले आहेत.

"सरकारला दिलेला पैसा वाया जातो, त्यापेक्षा आपण आपल्या माणसांना मदत करू," असे मला अनेक सभासद म्हणतात. त्यांचा राग मी समजू शकतो. ८३ हजार कोटींची गोष्ट मीच आताच सांगितली. पण पैसा वाया जातो म्हणून तो कमी द्यावा, कमी दिला म्हणून शाळा खालावावी, शाळा खालावली म्हणून आपली मुले काढून घ्यावीत, आणि आपली मुले तेथे नाहीत म्हणून त्या शाळेकडे कोणी पाहू नये, हे रहाटगाडगे कोणी सुरू केले याचा विचार व्हावा. रस्त्यापलीकडच्या शाळेचे नळ बंद पडले तर आज आपल्यापैकी कोणाला कळते? आमच्या लहानपणी ते संध्याकाळपर्यंत साऱ्या आळीला कळे, आणि दुसऱ्या दिवशी चार माणसे नगरपालिकेत जाऊन भांडत. ती चार माणसे आता तेथे नाहीत. ती येथे आहेत, आणि त्यांना नवी शाळा बांधावयाची आहे. माझी स्वतःची दोन्ही मुले मी खाजगी शाळेत घातली, तेव्हा त्या चार माणसांत माझीही गणना करावी.

आजवर संस्थेने शासनाकडे पाठविलेली निवेदने मी दप्तरातून काढून चाळली. सभागृहासाठी भूखंड, चौकाला नाव, महामंडळ, प्रतिनिधित्व. शिक्षकांच्या रिक्त जागांविषयी त्यात एकही निवेदन नाही. घरपट्टीच्या बिलावर 'शिक्षण कर' ही ओळ आपण १९६२ च्या कायद्यापासून वाचीत आलो. त्या रकमेचे काय होते, असे एकानेही लेखी विचारलेले नाही.

म्हणून मी उद्या एक उपसूचना मांडणार आहे. मागील जागेवर शाळा नको, खेड्यांतून येणाऱ्या मुलामुलींसाठी वसतिगृह असावे, आणि त्यातील काही जागा इतर समाजांतील मुलांसाठी राखून ठेवाव्यात. कार्यालयाचे लहान दालन रोज संध्याकाळी पलीकडच्या शाळेतील सर्व मुलांना अभ्यासासाठी खुले करावे. लग्नसराईत त्याचे भाडे बुडेल, ते बुडू द्यावे. शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती नेमली आहे आणि तीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. आपल्या ज्ञातीतील ज्या पालकांची मुले त्या शाळेत आहेत त्यांना, विशेषतः भगिनींना, त्या समितीत काम करण्यासाठी संस्थेने पाठबळ द्यावे, त्यांच्यासाठी माहितीचे अर्ज लिहून द्यावेत. ते अर्ज मी स्वतः विनामूल्य लिहीन; हा एक धंदा मला येतो. आणि निधीच्या नियमांतील शिफारसपत्रांची अट काढून टाकावी. उत्पन्नाचा दाखला आणि शाळेचा दाखला एवढे पुरे. रक्कम खात्यावर जमा व्हावी, व्यासपीठावर पाकीट नको.

यास किती खर्च येईल त्याचे टिपण मी कोषाध्यक्षांकडे दिले आहे. प्रती दाराशी ठेवल्या आहेत. शाळेच्या योजनेपेक्षा तो बराच कमी आहे, पण त्यातून संस्थेस उत्पन्न मात्र होणार नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

शेवटी एक घरगुती गोष्ट, ती लपविण्यात अर्थ नाही. ठरावाचे सूचक माझे चिरंजीव आहेत. नव्या शाळेत आमच्या नातवाचे नाव पहिल्याच वर्षी घालावयाचे असे घरात ठरलेले आहे, आणि गेला महिनाभर जेवताना आम्ही या विषयावर बोलत नाही. उद्या सकाळी दहा वाजता मतदान हात वर करून होईल. माझा हात विरोधात असेल. आपण प्रत्येकाने टिपण वाचून मगच यावे, एवढी विनंती करून, आणि ठरल्या वेळेपेक्षा दहा मिनिटे अधिक घेतल्याबद्दल अध्यक्ष महाराजांची क्षमा मागून मी आपली रजा घेतो.